मैंदर्गी प्रदेश
भारतीय द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील, महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमेवरील एक कोरडवाहू पठारी प्रदेश. महाराष्ट्र राज्याच्या सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुक्यात तो मोडतो. मैंदर्गी हे या प्रदेशातील नगरपरिषद असलेले लहान शहर सोलापूरच्या आग्नेयीस सु. ५० किमी.वर, अक्कलकोट–दुधनी मार्गावर वसले आहे. भीमा व बोरी या दोन नद्यांच्या सान्निध्यात असूनही हा प्रदेश पूर्वापार अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. नद्यांच्या पाण्यापेक्षा काळ्या मातीत साठून राहणारा ओलावा हाच येथील शेतीचा व वस्तीचा मुख्य आधार ठरला आहे. प्रदेशाची भूरचना, जलवायुमान, पीकपद्धती व आजचे प्रश्न या एका वस्तुस्थितीभोवती गुंफलेले आहेत.

स्थान व सीमा : मैंदर्गी उत्तर अक्षांश सु. १७° २८' व पूर्व रेखांश सु. ७६° १८' यांवर आहे. येथून पश्चिमेकडील अरबी समुद्र सरळ रेषेत सु. ३२० किमी., तर पूर्वेकडील बंगालचा उपसागर त्याहून अधिक दूर आहे. अक्कलकोट तालुक्याच्या पश्चिमेस दक्षिण सोलापूर तालुका व उत्तरेस धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा असून पूर्व, आग्नेय व दक्षिण या दिशांना कर्नाटकाचे कलबुर्गी (गुलबर्गा) आणि विजयपूर (विजापूर) हे जिल्हे आहेत. त्यामुळे नकाशावर पाहता महाराष्ट्राचा हा आग्नेय कोपरा कर्नाटकाच्या भूमीत शिरलेल्या भूशिरासारखा दिसतो. दक्षिणेकडे भीमा नदीने काही अंतरापर्यंत दोन्ही राज्यांची नैसर्गिक सीमा आखली आहे. पूर्वेकडे मात्र अशी ठळक खूण नाही. माळ, पिके, घरांची बांधणी आणि बोली ही सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखीच आढळतात.

भूवैज्ञानिक रचना : भारतीय द्वीपकल्प हा पृथ्वीवरील अतिप्राचीन भूखंडांपैकी एक होय. त्याच्या पायाशी ग्रॅनाइट व पट्टिताश्म हे खडक असून वायव्येकडील विस्तीर्ण भागावर सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. हेच दख्खनचे बेसाल्ट वा काळा पाषाण. सह्याद्रीच्या महाबळेश्वर परिसरात या थरांची उघडी पडलेली जाडी हजार मी.हून अधिक आहे. पूर्वेकडे व आग्नेयीकडे ती कमी होत जाते. मैंदर्गी प्रदेश या लाव्हाक्षेत्राच्या आग्नेय कडेजवळ येतो. येथून आग्नेयीस सु. ७५ किमी.वर असलेल्या शहाबादच्या आसपास बेसाल्ट संपून भीमा खोऱ्यातील प्राचीन चुनखडक उघडा पडतो. महाराष्ट्रभर घरांच्या जमिनींसाठी वापरली जाणारी ‘शहाबादी फरशी’ ती हीच. एका घराच्या भिंती काळ्या दगडाच्या व जमीन शहाबादी फरशीची असणे, हे या प्रदेशाच्या दोन भूवैज्ञानिक प्रांतांमधील स्थानाचे सोपे उदाहरण आहे.

लाव्ह्याचे सर्व थर एकसारखे नसतात. काही थर घट्ट व सांधेयुक्त असतात, तर काहींत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिलेल्या असतात. या पोकळ्या पुढे पांढरट खनिजांनी भरून तयार झालेल्या मऊ, ठिपकेदार खडकास स्थानिक लोक व विहीर खोदणारे कारागीर ‘मांजऱ्या’ म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पातळ पट्टा आढळतो. खडकाचा वरचा भाग झिजून त्याचा मुरूम होतो व मुरमाची पुढे माती बनते. विहिरीस पाणी लागेल की नाही, हे घट्ट पाषाण, मांजऱ्या व मुरूम यांच्या क्रमावर अवलंबून असते.

द्वीपकल्पाचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित मानला जात असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने त्या समजुतीस तडा गेला. किल्लारी हे मैंदर्गीच्या उत्तर-ईशान्येस सु. ७५ किमी.वर आहे. या भूकंपाची तीव्रता ६.२ होती व त्यात सु. १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर किल्लारी येथे घेतलेल्या खोल छिद्रात बेसाल्टाची जाडी सु. ३४० मी. असल्याचे व त्याखाली प्राचीन पट्टिताश्म असल्याचे आढळून आले. दगड-मातीच्या जाड भिंती व धाब्याची छपरे असलेली घरे हे त्या प्राणहानीचे एक प्रमुख कारण होते. तशी घरे या प्रदेशातही परंपरेने बांधली जात.

भूरूपे : प्रदेशाची उंची समुद्रसपाटीपासून सर्वसाधारणपणे ४०० ते ५०० मी. आहे. उत्तरेस नळदुर्ग–तुळजापूर भागात बालाघाटाची डोंगररांग असून तेथून जमीन दक्षिणेकडे भीमेच्या पात्राकडे हळूहळू उतरत जाते. उंच डोंगर वा खोल दऱ्या येथे नाहीत. तथापि प्रथमदर्शनी सपाट वाटणारी ही भूमी प्रत्यक्षात लाटांसारखी उंचसखल आहे. लाटेच्या माथ्यावर दगडगोट्यांनी भरलेला, विरळ गवताचा माळ, उतारावर मुरमाड व मध्यम प्रतीची जमीन आणि तळाशी नाल्याच्या काठाने खोल काळी जमीन असा क्रम पुनःपुन्हा आढळतो. माथा व तळ यांच्या उंचीत पुष्कळदा वीस-तीस मीटरांचाच फरक असतो. परंतु तेवढ्या फरकावर जमिनीची खोली, विहिरीचे पाणी, पिकाची निवड व शेताची किंमत अवलंबून असते. जुनी गावठाणे बहुधा माळाच्या कडेस, काळ्या जमिनीच्या किंचित वर वसलेली दिसतात. त्यामुळे चांगली जमीन शेतीस मोकळी राहिली व पावसाळ्यातील चिखलापासून वस्तीही बचावली.

नद्या : भीमा ही प्रदेशातील मुख्य नदी. सह्याद्रीत भीमाशंकर येथे, अरबी समुद्रापासून जेमतेम सत्तर-ऐंशी किमी. अंतरावर ती उगम पावते. परंतु समुद्राकडे पाठ करून ती आग्नेय दिशेने सु. ८६१ किमी. वाहत जाते व रायचूरजवळ कृष्णेस मिळते. द्वीपकल्पाचा सर्वसाधारण उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे असल्याचे हे प्रत्यंतर होय. सोलापूरच्या दक्षिणेस हत्तरसंग-कुडल येथे सीना नदी भीमेस मिळते. तेथील संगमेश्वर मंदिरात शके ९४० (इ. स. १०१८) मधील मराठी शिलालेख असून तो उपलब्ध आद्य मराठी शिलालेखांपैकी एक मानला जातो. मैंदर्गीच्या आग्नेयीस, कर्नाटकातील गाणगापूर येथे अमरजा नदी भीमेस मिळते.

बोरी ही भीमेची उपनदी बालाघाटात उगम पावून नळदुर्गवरून अक्कलकोट तालुक्यात येते व दक्षिणेकडे वाहत जाऊन भीमेस मिळते. हरणा ही तिची उपनदी होय. बोरीचे पाणी अडविण्याची परंपरा जुनी आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत १६१३ मध्ये नळदुर्ग किल्ल्यात या नदीवर दगडी बांध घालण्यात आला. त्याच्या पोटातील ‘पाणी महाल’ व पावसाळ्यात बांधावरून कोसळणारे दोन धबधबे प्रसिद्ध आहेत. बोरी व इतर नाले पावसाळ्यात काही दिवस भरून वाहतात आणि हिवाळ्याच्या अखेरीस कोरडे पडतात. मोठ्या ओढ्यास येथील कन्नड बोलीत ‘हळ्ळ’ म्हणतात.

जलवायुमान : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश आहे. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी ५०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. सोलापूर परिसरात तो सरासरी ७० सेंमी.च्या आसपास असतो. मे महिन्यात दिवसाचे तपमान ४०° से.च्या वर जाते. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंड व हवा कोरडी असते. पावसाचे एकूण मान कमी आहे, परंतु त्याची अनियमितता ही त्याहून मोठी अडचण होय. जूनमध्ये पावसास प्रारंभ होतो, जुलै-ऑगस्टमध्ये पुष्कळदा दीर्घ खंड पडतो आणि सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना ठरतो. या पावसाचा बराच भाग बंगालच्या उपसागरात निर्माण होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे मिळतो. म्हणजे जवळच्या अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर आपली आर्द्रता रिती करून येतात व दूरच्या पूर्व समुद्राकडून आलेले ढग या प्रदेशास तारतात. येथील शेतकरी मृगापेक्षा उत्तरा व हस्त या नक्षत्रांकडे अधिक आशेने पाहतो, त्याचे कारण हेच आहे.

मृदा : बेसाल्टाच्या विदारणाने बनलेली काळी माती ही प्रदेशाची प्रमुख नैसर्गिक संपत्ती होय. तिला कन्नडमध्ये ‘एरे’ असे नाव आहे. खोलीनुसार तिचे बरड, मध्यम व खोल (भारी) असे प्रकार केले जातात. माळावरील बरड जमीन काही सेंमी. खोल असून तिच्याखाली लगेच मुरूम लागतो; नदीनाल्यांच्या काठची भारी जमीन एक मीटर वा त्याहून अधिक खोल असते. भारी जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते. तीतील माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर आकसते. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांत पडते व पहिल्या पावसाचे पाणीही त्यांतून खोलवर जाते. म्हणून ही जमीन आपली आपणच नांगरली जाते, असे म्हणण्याचा प्रघात आहे. एकदा भेगा मिटल्या की मात्र पाणी अतिशय मंद गतीने मुरते व जोराचा पाऊस माती घेऊन वाहून जातो.

या मातीची जलधारणशक्ती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एक मीटर खोलीची भारी जमीन पूर्ण भिजली असता तीत पिकास घेता येण्याजोगे सु. १५ ते २० सेंमी. पाणी साठते. हेक्टरी हिशोब केल्यास ते १५ ते २० लाख लिटर होते. सबंध सप्टेंबर महिन्याचा सरासरी पाऊसही साधारणतः एवढाच असतो. म्हणजे एका महिन्याचे पाणी धरून ठेवून पुढचे चार महिने पिकास पुरविण्याचे कार्य ही जमीन करते. पंचेचाळीस सेंमी. खोलीच्या मध्यम जमिनीत हा साठा निम्म्याहून कमी असतो व बरड जमिनीत तो नगण्य असतो. धूप होऊन वरची वीतभर माती गेली, तर केवळ सुपीकतेचीच हानी होते असे नाही. पाण्याचा साठाही तेवढ्याने कायमचा घटतो. नदीवरील धरण फुटल्यास ते पुन्हा बांधता येते, परंतु वाहून गेलेली माती मानवी कालमानात पुन्हा तयार होत नाही.

शेती : भारी जमिनीत खरीप हंगामात पेरणी न करता ती मोकळी ठेवण्याची व कुळवाच्या पाळ्या देऊन तीत पाऊस मुरविण्याची पद्धत येथे जुनी आहे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पाभरीने रब्बी ज्वारी पेरतात. त्यानंतर पाऊस न पडला तरी जमिनीतील ओलाव्यावर व हिवाळ्यातील दवावर पीक वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीस येते. ‘मालदांडी’ हा ज्वारीचा प्रकार सर्वांत लोकप्रिय असून स्थानिक मालदांडीतून मोहोळ येथील संशोधन केंद्रात निवडलेला ‘एम ३५-१’ हा वाण अनेक दशके दख्खनभर पेरला जात आहे. टपोऱ्या, मोतीदार दाण्यांबरोबरच भरपूर कडबा देणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. खिलार बैलांचे संगोपन या कडब्यावरच अवलंबून असे. ज्वारीच्या पातळ, उन्हात वा तव्यावर कडक केलेल्या भाकरी अनेक दिवस टिकतात. जळण व पाणी यांची टंचाई असलेल्या प्रदेशात विकसित झालेला हा अन्नप्रकार आहे.

ज्वारीखेरीज हरभरा, करडई, जवस व सूर्यफूल ही रब्बी पिके घेतात. मध्यम जमिनीत तूर हे महत्त्वाचे पीक आहे. तिची मुळे खोल जात असल्यामुळे पावसातील खंड ती सोसू शकते. शेजारचा कलबुर्गी जिल्हा तुरीसाठी प्रसिद्ध असून सीमेवरील दुधनीच्या बाजारपेठेस या पिकामुळे महत्त्व आले आहे. मुरमाड जमिनीत ठिबक सिंचनावर डाळिंबाची लागवड होते. सोलापूर येथे २००५ मध्ये डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले.

कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय अभ्यासात सोलापूरला मानाचे स्थान आहे. १९३३–३५ या काळात सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी व रोहतक येथे कोरडवाहू शेतीची संशोधन केंद्रे काढण्यात आली. यांतील चार केंद्रे द्वीपकल्पाच्या अंतर्भागातील असून त्यांपैकी सोलापूर, विजापूर व रायचूर ही तीन या प्रदेशाभोवतीच येतात. ना. वि. कानिटकर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या प्रयोगांतून खोल नांगरट, बांधबंदिस्ती, वारंवार कुळवणी व विरळ पेरणी यांवर आधारलेली ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धती’ पुढे आली. मुंबई प्रांतात १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला व समपातळी बांध मोठ्या प्रमाणावर घालण्यात आले. भारी काळ्या जमिनीत मात्र हे बांध उन्हाळ्यात तडकतात आणि पावसाळ्यात त्यांच्या वरच्या अंगास पाणी तुंबून पीक पिवळे पडते, असा अनुभव आला. त्यामुळे अशा जमिनीत किंचित ढाळ असलेले बांध व उतारास आडवे लहान वाफे यांची शिफारस करण्यात येऊ लागली.

भूजल व जलसिंचन : बेसाल्टात पाणी साठण्यास जागा थोडी असते. वरचा मुरूम, खडकातील सांधे व मांजऱ्याचे थर यांत पाणी मुरते. घट्ट पाषाण जवळजवळ कोरडा असतो. जुन्या रुंद विहिरी या वरच्या थरातील पाण्यावर चालत व त्यांतून मोटेने निघेल तेवढेच पाणी उपसले जाई. विजेचे पंप आणि त्यानंतर विंधन विहिरी आल्यावर उपशाचे प्रमाण पालटले. खोल विंधन विहिरीतून मिळणारे पाणी अनेक पावसाळ्यांत हळूहळू साठलेले असते व त्याचे पुनर्भरण सावकाश होते. उसास वर्षाकाठी २०० सेंमी.च्या आसपास पाणी लागते. सरासरी पाऊस त्याच्या सु. एक-तृतीयांश आहे. ज्वारी व तूर मातीतील साठ्यावर येतात, ऊस मात्र नदीच्या, धरणाच्या वा खडकातील पाण्यावर पोसावा लागतो. बागायतीने काही कुटुंबांस स्थैर्य दिले, हे खरे. परंतु त्याबरोबर प्रदेशाचा आधार मातीवरून खडकातील मर्यादित पाण्याकडे सरकला आहे.

बोरी नदीवर कुरनूर येथे धरण बांधलेले असून अक्कलकोट, मैंदर्गी व दुधनी या शहरांचा आणि अनेक खेड्यांचा पाणीपुरवठा त्यावर अवलंबून आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यातून नदीपात्रात सोडलेले पाणी दोनशेहून अधिक किमी. प्रवास करून अक्कलकोट तालुक्यातील हिळ्ळी येथील बंधाऱ्यापर्यंत येते. वाटेत बाष्पीभवन, जिरणे व उपसा यांमुळे त्यात मोठी घट होते. टोकाच्या गावांस पाणी सर्वांत शेवटी मिळते. उजनीचे पाणी सोलापूरजवळील, १८७१ मध्ये बांधलेल्या एकरुख तलावातून उचलून कुरनूरपर्यंत आणणे हा एकरुख उपसा सिंचन योजनेचा उद्देश आहे.

वनस्पती व प्राणी : प्रदेशात वने जवळजवळ नाहीत. बाभूळ, कडुलिंब, बोर व हिवर हे वृक्ष बांधांवर आणि माळावर विखुरलेले दिसतात. नाल्यांच्या काठी शिंदीची झाडे आढळतात. माळावर कुसळी व पवन्या ही गवते वाढतात. अशी माळराने बहुधा पडीक समजली जातात. वास्तविक ती मेंढपाळांची चराऊ कुरणे असून काळवीट, लांडगा, खोकड व जमिनीवर अंडी घालणाऱ्या अनेक पक्ष्यांचे आश्रयस्थान आहेत. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज परिसरात माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य घोषित करण्यात आले. माळावर पडणारे पाणी उतारावरील विहिरींस पोहोचते. त्यामुळे माळाचे रक्षण हा खालच्या शेतीचाही प्रश्न आहे.

दुष्काळ व पूर : सोलापूर जिल्ह्याच्या इतिहासात दुष्काळांच्या नोंदी वारंवार आढळतात. १३९६ च्या सुमारास सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत राहिला आहे. १८७६–७८ च्या दुष्काळात हा सर्व टापू होरपळला. १९७२–७३ च्या दुष्काळात खडी फोडणे, पाझर तलाव खणणे, रस्ते व बांध घालणे अशी कामे काढून लोकांना रोजगार देण्यात आला. त्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये संमत झाला व १९७९ मध्ये अंमलात आला. पुढे देशपातळीवरील अशाच कायद्यास तो मार्गदर्शक ठरला.

अवर्षणाच्या या प्रदेशास महापूरही अपरिचित नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातील तीव्र कमी दाबाचे क्षेत्र आंध्रच्या किनाऱ्यावर काकीनाडाजवळ जमिनीवर आले व तेलंगण, कलबुर्गी आणि सोलापूर या मार्गाने पश्चिमेकडे गेले. भीमा, सीना, बोरी व हरणा या नद्यांना पूर येऊन अनेक गावांचा संपर्क तुटला, उभी पिके गेली व नदीकाठच्या शेतांची माती खरवडली गेली. ज्या पूर्वेकडील पावसावर रब्बीचा हंगाम उभा राहतो, तोच एकाएकी पडला तर शेतीचा पाया वाहून नेतो. दुष्काळाची झळ एका वर्षाची असते. खरवडलेल्या जमिनीची हानी मात्र पिढ्यान्‌पिढ्या भोगावी लागते.

वस्ती, भाषा व दळणवळण : प्रदेशावर राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, यादव, बहमनी व आदिलशाही या सत्तांनी क्रमाने राज्य केले. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट (मालखेड), बहमनींची गुलबर्गा व आदिलशाहीची विजापूर ही तीनही स्थळे येथून फार दूर नाहीत. आज आडवळणाचा भासणारा हा भाग मध्ययुगात राजधान्यांच्या मध्ये होता. अठराव्या शतकाच्या प्रारंभी छत्रपती शाहूंच्या आश्रयाने फत्तेसिंह भोसले यांनी अक्कलकोट संस्थानाचा पाया घातला. ब्रिटिश अमदानीत संस्थानी, ब्रिटिश व निजामी मुलूख येथे एकमेकांस लागून होते. अक्कलकोट संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

लोकसंख्येत वीरशैव लिंगायत समाज मोठा असून मराठा, धनगर, मुस्लिम, दलित व इतर समाजही आहेत. कन्नड ही बहुसंख्यांची घरची भाषा आहे. मराठी ही शासनव्यवहाराची व शिक्षणाची भाषा असून उर्दूही बोलली जाते. बाजारात एकाच व्यवहारात दोन-तीन भाषा वापरणे हे नित्याचे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर निर्माण झालेल्या सीमावादात १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. अक्कलकोट तालुका तत्कालीन म्हैसूर राज्यास जोडावा, अशी शिफारस त्यात होती. महाराष्ट्राने तो अहवाल अमान्य केला व २००४ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात नेला. दोन्ही राज्यांच्या राजधान्यांपासून दूर असल्यामुळे रस्ते, पाणी व उच्च शिक्षण या बाबतींत दुर्लक्ष होते, अशी भावना सीमेवरील खेड्यांतून वेळोवेळी व्यक्त झाली आहे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला व १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला. तेथे तो मद्रासच्या मार्गास जोडला गेला. या मार्गावर अक्कलकोट रोड व दुधनी ही स्थानके आहेत. अक्कलकोट हे स्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे, तर गाणगापूर हे दत्तक्षेत्र म्हणून प्रसिद्ध असल्याने मैंदर्गी–दुधनी मार्गावर यात्रेकरूंची वर्दळ असते. शेतीस पूरक असा अन्य उद्योग थोडा असल्यामुळे सोलापूर, पुणे व मुंबई येथे कामासाठी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

भवितव्य : नद्यांवरील साठे व उपसा योजना यांमुळे पिण्याच्या पाण्याची अडचण काही अंशी दूर झाली आहे; तथापि नदीच्या शेपटाकडील प्रदेशास बाहेरून येणाऱ्या पाण्याची शाश्वती कधीच पूर्ण नसते. प्रदेशाचा स्वतःचा असा साठा दोनच ठिकाणी आहे : काळ्या मातीत व तिच्याखालच्या झिजलेल्या खडकात. पहिला भरण्यास एक चांगला सप्टेंबर पुरतो, दुसऱ्यास अनेक वर्षे लागतात. बांधांची निगा, माळावरील गवताचे रक्षण, उपशावर सामूहिक मर्यादा आणि जमिनीच्या खोलीनुसार पिकांची निवड या उपायांना मोठा खर्च लागत नाही, परंतु शेजाऱ्यांचे परस्पर सहकार्य लागते. शेताचा उतार एका गावातून दुसऱ्या गावात व एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातो. माती राखली, तर ज्वारीचे हे जुने कोठार पुढेही आपल्या लोकांस पोसू शकेल. ती गेली, तर कितीही लांबून आणलेले पाणी तिची जागा घेऊ शकणार नाही.